लुवियन 'अलाति' म्हणजे खरंच 'उंच'?

शंकासुर:
हत्तुसाला (आजच्या तुर्कस्तानातली हित्ती लोकांची राजधानी) सापडलेल्या मातीच्या पाट्यांत इस्तानुवा या गावाची गाणी आहेत. त्यातली एक लुवियन (हित्तीची बहीण-भाषा) ओळ: 'अह्हाताता अलाति अविएन्ता विलुसाति'. भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९८० च्या दशकात अर्थ लावला: 'ते उंच विलुसाहून आले तेव्हा'. विलुसा म्हणजे ट्रॉय, हे तूर्त मान्य. पण 'अलाति'चा 'उंच' कुठून काढला? होमर ट्रॉयला 'उंच, कडेकपारीचं' म्हणतो म्हणून? आणि मग याच ओळीवरून ट्रॉयचं लुवियन महाकाव्य होतं म्हणायचं? हे गोल फिरणं नाही का?

पाटीपुसणे:
संस्कृतात जवळचा धातू शोधून बघा. हित्ती 'एद्' म्हणजे खाणे, आपला 'अद्'. सरळ जुळतं.

कीलाक्षरी:
पाटीपुसणे, जुळलं की आपण खूश होतो, गोची तिथेच आहे. हित्ती भाषा उलगडणाऱ्या ह्रोझ्नीने १९१५ मध्ये फोडलेलं वाक्य घ्या: 'नु निंदा-न् एझ्झात्तेनि, वातार-मा एकुत्तेनि', म्हणजे 'तुम्ही ब्रेड खाल, पाणी प्याल'. हित्ती लेखक काही शब्दांसाठी सुमेरियन भाषेची चिन्हं तशीच वापरत; 'निंदा' हे ब्रेडचं सुमेरियन चिन्ह (मराठी माणूस दचकणारच), अर्थ आधीच माहीत. त्याच्या आधाराने 'खाल' आणि 'पाणी' लागलं. 'एकु' पाहून लॅटिन 'अक्वा' (पाणी) आठवतं, पण तो शब्द 'पिणे' आहे. पाणी शेजारी 'वातार' म्हणून बसलंय.

शंकासुर, तुमचा संशय रास्त आहे, पण अर्धाच. '-अति' हा 'हून' अर्थाचा विभक्तिप्रत्यय, दोन्ही शब्दांना सारखा. म्हणून 'अलाति' विलुसाचं विशेषण असणं शक्य. 'अविएन्ता' = 'ते आले', इथे वादाला फारशी जागा नाही. व्याकरण ठणठणीत, मूळ 'अला-' तेवढं लंगडं.

गंमत बघा, हित्तीत 'घोडा' नेहमी सुमेरियन चिन्हांनी लिहितात: अर्थ पक्का, हित्ती उच्चार माहीत नाही. 'अलाति'चं नेमकं उलटं. याउलट किक्कुली या अश्वशिक्षकाच्या हित्ती पाट्यांत 'ऐकवर्तन्न', 'तेरवर्तन्न', 'पंझवर्तन्न', 'सत्तवर्तन्न' (एक, तीन, पाच, सात फेऱ्या) येतं तेव्हा संस्कृतचा मोह योग्य ठरतो, कारण मजकूरच घोडे फिरवण्याचा आहे आणि आकडे ओळीने विषम. संदर्भाने आधी पाठिंबा दिला, मग व्युत्पत्ती आली.

शंकासुर:
मग 'अला-' कशाने सुटेल?

कीलाक्षरी:
त्याच मजकुराची दुसरी प्रत मिळाली आणि तिथे लेखकाने 'अला-'च्या जागी सुमेरियन चिन्ह मारलं तर एका झटक्यात. किंवा हा शब्द डोंगराला, भिंतीला लागलेला दिसला तर. तुर्कस्तानातल्या कारातेपेच्या फिनिशियन-लुवियन द्विभाषिक शिलालेखाने १९४६ नंतर असे कित्येक शब्द सोडवले. या ओळीला मात्र पुढची ओळच नाही. विधीच्या पाटीत देवाच्या नावे प्यायचं, मग गायचं, इतकंच. बहुधा गाण्याची पहिली ओळ तेवढी टिपली. गाणाऱ्याला बाकीचं पाठ होतं.

मी भाषांतरात 'अला- (?) विलुसाहून' लिहितो. 'उंच' टाकलात तरी चालेल, फक्त प्रश्नचिन्ह खोडू नका.

पाटीपुसणे:
'अक्वा'चा मोह सोडतो, 'अद्'चा नाही.

कीलाक्षरी:
'अद्' तुमचाच. तो वाक्यातून आधी सिद्ध झालाय.