मुखत्यारपत्राच्या आधारे शस्त्रक्रियेस संमती देता येते का?

प्रश्न (रामबाग, इंदूर): माझी आत्या अविवाहित असून ७८ वर्षांची आहे. बँकेचे व घराचे व्यवहार मी पाहावेत म्हणून तिने मला नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून दिले आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाने त्याच कागदावरून माझी सही मागितली. आत्या पूर्ण शुद्धीवर असूनही तिला कोणी विचारले नाही. ग्वाल्हेरचे काका म्हणतात, सख्खा भाऊ म्हणून अधिकार त्यांचा. नेमका कोणाचा?

उत्तर १ (वकील, इंदूर खंडपीठ): तुम्हा दोघांचाही नाही. आत्या समजून निर्णय घेऊ शकतात तोवर संमती त्यांचीच लागते. समीरा कोहली प्रकरणात (२००८) केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढले होते. रुग्ण काही वेळाने शुद्धीवर येणार होती आणि थांबल्याने जिवाला धोका नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती संमती अग्राह्य ठरवली. मुखत्यारपत्राचे म्हणाल, तर करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी लोक ते जपून ठेवतात त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. रुग्ण दीर्घकाळ बेशुद्ध राहिल्यास पालक नेमून घेण्यासाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते.

उत्तर २ (निवृत्त भूलतज्ज्ञ): वकीलसाहेबांशी सहमत आहे. नातेवाइकांची सही आम्ही बहुधा पुढे वाद नको म्हणून घेत आलो. आमच्या व्यवसायाची ही सवय चांगली नाही. जीव वाचवण्याच्या तातडीत मात्र संमतीवाचूनही उपचार करता येतात, आणि १९८९ च्या परमानंद कटारा निकालानुसार पोलिसी सोपस्कारांसाठीही ते अडवता येत नाहीत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग आत्याने आताच वैद्यकीय इच्छापत्र केले तर चालेल का?

उत्तर १: अवश्य करावे, पण त्याची मर्यादा ओळखून. २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने मान्य केलेले हे पत्र बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कृत्रिम उपचार थांबवण्यापुरतेच आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. त्यात विश्वासू व्यक्तींची नावे आत्यांनीच घालावीत, हवे तर तुमचे आणि काकांचे दोघांचेही.