‘व्हर्च्युअल ७.१ सराउंड साउंड’ला मराठीत काय म्हणावं?

वेलांटी :
हेडफोनच्या माहितीपत्रकाचं मराठीकरण चालू आहे. गेम, सिनेमा आणि गाणी या तिन्हींसाठी म्हणून विकला जाणारा माल आहे. खोक्यावर ‘व्हर्च्युअल ७.१ सराउंड साउंड’, ‘५० मिमी ड्रायव्हर’, ‘इम्पिडन्स ३२ ओहम’ आणि ‘लो लेटन्सी’ असं छापलेलं आहे. आधीच्या मसुद्यात ‘आभासी ७.१ परिवेष्टित ध्वनी’ असं लिहिलंय. ‘परिवेष्टित’ वाचलं की ध्वनीला पोलिसांनी घेरल्यासारखं वाटतं. आणि ‘आभासी’ म्हटल्यावर गिऱ्हाईक ‘म्हणजे खोटा’ असंच समजणार. पर्याय सुचवा.

कानसेन :
‘परिवेष्टित’ काढाच. ‘चौफेर’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. चौफेर फटकेबाजी म्हणतो, तसा चौफेर ध्वनी. समजावून सांगावं लागत नाही.

‘आभासी’ला मात्र हात लावू नका. शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातली ‘आभासी प्रतिमा’ आठवा. सपाट आरशामागे काहीच नसतं, तरी डोळ्याला तिथे माणूस दिसतो. तिला कुणी खोटी प्रतिमा म्हणत नाही. हेडफोनमध्येही तसंच घडतं : मागे स्पीकर नसतो, पण कानाला तो तिथे असल्यासारखा वाटतो.

टाचणी :
मग ‘ट्रू ७.१’ किंवा ‘रिअल ७.१’ असं छापलेल्या हेडफोनला ‘वास्तव’ म्हणायचं का? एकेका कपात चार-पाच छोटे स्पीकर बसवलेले असतात, ते. आभासीपेक्षा वास्तव केव्हाही बरं, असा अर्थ निघेल.

कानसेन :
निघेल, आणि तो चुकीचा असेल. म्हणूनच ही चर्चा निव्वळ शब्दांची नाही.

आवाज कुठून आला हे मेंदू ठरवतो ते दोन कानांमधल्या फरकावरून. बरोबर उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि डोकं आड आल्यामुळे त्यातला वरच्या पट्टीचा भाग बराच दबतो. त्यात कानाच्या पाळीच्या वळ्या आवाजाला दिशेनुसार वेगळं वळण देतात. समोर, मागे आणि वर यांतला भेद मुख्यतः त्या वळ्यांमुळे कळतो.

आता पाच स्पीकर कपात कोंबले, तर ते सगळे त्याच कानापासून दोन-तीन सेंटीमीटरवर असतात. ‘मागचा डावा’ स्पीकर उजव्या कानाला जवळजवळ ऐकूच जात नाही. म्हणजे दोन कानांमधला फरक, जो मूळ पुरावा, तोच नाहीसा होतो. शिवाय कप तेवढाच असल्यामुळे प्रत्येक स्पीकर छोटा करावा लागतो आणि बास पातळ पडतो. रेझरच्या टियामॅट ७.१ मध्ये असे एकूण दहा स्पीकर होते. हा प्रकार बाजारात फारसा टिकला नाही, त्याचं कारण हेच. एका चांगल्या स्पीकरला योग्य गणित दिलं, तर तो या दहांना भारी पडतो.

ओहम_शांती :
या गणिताला इंग्रजी आद्याक्षरांनी एचआरटीएफ म्हणतात. मराठीत ‘कानाचा साचा’ म्हणावं असं सुचवतो. आवाज एखाद्या दिशेने आला तर डोकं, खांदे आणि कानाची पाळी त्याच्यात काय बदल करतील, याचं मोजमाप म्हणजे हा साचा. सात चॅनेलपैकी (चॅनेल म्हणजे एकेका दिशेच्या स्पीकरसाठी वेगळा ठेवलेला आवाज) प्रत्येकाला त्या-त्या दिशेचा साचा लावायचा आणि सगळं मिसळून दोन कानांना दोन आवाज द्यायचे. म्हणून आभासी सराउंडला साधा स्टीरिओ हेडफोन पुरतो. खोक्यावरचं ‘७.१’ हे हेडफोनचं वर्णन नव्हेच, ते सोबतच्या सॉफ्टवेअरचं किंवा यूएसबी साउंड कार्डाचं आहे.

‘साचा’ म्हणण्यात आणखी एक सोय आहे. तयार साचा सरासरी डोक्याचा असतो, आपल्या कानाचा नव्हे. त्यामुळे तो एकाला चपखल बसतो, दुसऱ्याला ढिला होतो. समोरचा आवाज मागून येतोय असं वाटणं ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. हेडफोन बिघडलेला नसतो, साचा जुळत नसतो. दुसरा साचा लावून बघायचा, एवढाच उपाय.

टाचणी :
पटलं. पण ‘७.१’ वाचायचं कसं? एका मराठी जाहिरातीत ‘सात दशांश एक’ असं ऐकलं.

ओहम_शांती :
अरे देवा. तो दशांशचिन्हाचा टिंब नाहीच. ७ म्हणजे पूर्ण पट्टीचे सात चॅनेल, आणि १ म्हणजे फक्त खालच्या दणक्यासाठी राखून ठेवलेला एक चॅनेल. तो साधारण १२० हर्ट्झपर्यंतच वाजतो, म्हणून बिचाऱ्याला टिंबापलीकडे बसवलंय. एकूण चॅनेल आठ. ७.१.४ मध्ये दोन टिंब असतात, तिथे तर दशांश म्हणायची सोयच उरत नाही : शेवटचे ४ म्हणजे डोक्यावरचे. मराठीत बोलताना ‘सेव्हन पॉइंट वन’ म्हणतात, तेच राहू द्या.

वेलांटी :
डोक्यावरचे आवाज आले की ‘चौफेर’ अपुरा पडतो ना? डॉल्बी ॲटमॉसचाही उल्लेख आहे पत्रकात.

कानसेन :
पडतो. आणि तिथे आपल्याकडे आयता शब्द आहे : ‘दशदिशा’. आठ दिशा आडव्या, नववी ऊर्ध्व, दहावी अधर. ५.१ आणि ७.१ मध्ये स्पीकर कानाच्या पातळीवर वर्तुळात मांडलेले. ५.१ च्या प्रमाण मांडणीत, नाकासमोरून मोजलं तर, पुढचे दोन ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. हे झालं चौफेर. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या ॲटमॉसमध्ये आवाजाबरोबर त्याची जागाही नोंदलेली असते, अगदी डोक्यावरचीसुद्धा. हेलिकॉप्टर कुठल्या चॅनेलमध्ये आहे हे नाही, कुठे आहे हे लिहिलेलं. त्याला ‘दशदिश ध्वनी’ म्हणायला माझी हरकत नाही. जाहिरातीत ‘दाही दिशांनी’ जास्त शोभेल.

तिरपा_कटाक्ष :
शोभेल खरं, पण ज्या सिनेमाला दोनच चॅनेल आहेत त्याला दाही दिशा कुठून आणणार? पत्रकात हे लिहा : सिनेमा दाखवणारी ऑनलाइन सेवा, तिचं ॲप आणि आपण घेतलेली तिची योजना यांपैकी एक जरी स्टीरिओवर, म्हणजे दोन चॅनेलवर, अडकलं, तरी हेडफोनपर्यंत दोनच चॅनेल येतात. ब्राउझरमध्ये पाहताना बहुतेक वेळा असंच होतं. ‘भाषा आणि ध्वनी’च्या यादीत ५.१ किंवा ॲटमॉस दिसतंय का, ते आधी बघायचं.

ओहम_शांती :
गेमचंही तसंच, फक्त उलट्या टोकाने. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन आपला हेडफोन निवडायचा आणि ‘स्पेशियल साउंड’मध्ये विंडोज सॉनिक चालू करायचं. ते फुकट आहे. डॉल्बी आणि डीटीएसचे पर्याय विकतचे. इथे बहुतेकजण थांबतात. पण गेमच्या आतल्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘हेडफोन’ निवडलेलं असलं, तर गेम दोनच चॅनेल पाठवतो आणि साच्याला मागचं काही मिळतच नाही. लक्षण असं : मागची पावलं ऐकू येत नाहीत, सगळा आवाज मात्र थोडा लांब गेल्यासारखा वाटतो. गेममध्ये ‘७.१’ किंवा ‘होम थिएटर’ निवडा.

याला अपवाद आहे ज्या गेमचा स्वतःचा साचा असतो त्यांचा. व्हॅलोरंटमध्ये ऑडिओच्या पानावर एचआरटीएफची कळ आहे. ती चालू केली, तर विंडोजचं आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं सराउंड दोन्ही बंद. नाहीतर फोडणीला पुन्हा फोडणी : पावलं न्हाणीघरात वाजल्यासारखी घुमतात आणि दिशा पुसट होते. प्लेस्टेशन ५ चं गणित कन्सोलमध्येच होतं, त्याला कंट्रोलरच्या ३.५ मिमी सॉकेटात लावलेला साधा स्टीरिओ हेडफोन पुरतो.

टाचणी :
गाण्यांसाठी काय?

कानसेन :
बंद. साधं स्टीरिओ ध्वनिमुद्रण मुळात दोन चॅनेलसाठी मिसळलेलं असतं. बैठकीच्या मुद्रणात गायक मध्ये, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला आणि तंबोरे मागे पसरलेले, हे सगळं त्या दोनांतच आहे. त्यावर आभासी सराउंड लावलं की सॉफ्टवेअर बऱ्याचदा खोलीचा निनादही मिसळतं. गायक हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो आणि तबल्याची शाई बोथट होते. ॲटमॉसमध्ये वेगळं मिसळलेलं गाणं असेल, तरच चालू करा.

ओघात : ‘स्टीरिओ’ म्हणजे दोन, असा समज आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घन’, भरीव. दोन हे साधन, घनता हे साध्य.

वेलांटी :
‘ड्रायव्हर’? चालक तर लिहिता येणार नाही.

तिरपा_कटाक्ष :
‘५० मिमी चालक’ म्हणजे फारच बुटका. ‘पडदा’ म्हणतात काहीजण, पण पडदा हा त्याचा एक भाग झाला. चुंबक आणि तारेचं वेटोळं धरून पूर्ण वस्तू म्हणजे ‘स्पीकर’. तेच लिहा. आणि ‘मोठा म्हणून चांगला’ असं सुचवणारं विशेषण लावू नका. ५० मिमीचा ढिसाळ स्पीकर ४० मिमीच्या नेटक्या स्पीकरपुढे घुमतो नुसता.

ओहम_शांती :
इम्पिडन्सला ‘संरोध’. ‘प्रतिबाधा’ हिंदीतून आलाय. रेझिस्टन्सला आपण ‘रोध’ म्हणतो, त्याच कुळातला संरोध. पण दुकानात ‘ओहम किती?’ असंच विचारतात, म्हणून पत्रकात ‘संरोध ३२ ओहम’ असं दोन्ही येऊ द्या.

आकड्याचा अर्थही सांगा, कारण ‘जास्त ओहम म्हणजे भारी’ ही समजूत पक्की आहे. समजा फोनचं हेडफोन सॉकेट १ व्होल्ट देतं. २५० ओहमच्या हेडफोनला त्यातून मिळतात ४ मिलिवॅट, ३२ ओहमच्याला ३१. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा आहे आणि १ मिलिवॅटला ९६ डेसिबल देतो. चौपट वीज म्हणजे ६ डेसिबल जास्त, तेव्हा कमाल १०२. सिनेमातले संवाद कमाल पातळीच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली असतात, म्हणजे ते ७७-८२ वर येतात आणि आवाजाची कळ शेवटपर्यंत गेलेली. पंखा चालू असलेल्या खोलीत एवढं अपुरं वाटतं, कारण हा हेडफोन खुल्या पाठीचा.

टाचणी :
‘खुल्या पाठीचा’ आवडलं. ओपन-बॅकला ‘उघडा’ म्हटलेलं वाचलंय, ते तुटल्यासारखं वाटतं.

कानसेन :
दुकानदार ‘जाळीवाला’ म्हणतात, तेही छान आहे. कपाच्या मागे जाळी असते, तिच्यातून आवाज बाहेर निघून जातो आणि कानाशी कोंडत नाही. त्यामुळे जागा मोठी वाटते, दिशा सुटी-सुटी कळते. एकट्याच्या शांत खोलीत गेम आणि गाण्यांसाठी हाच घ्यावा. पण शेजारी झोपलेल्याला सगळं ऐकू जातं, आणि लोकलमध्ये त्याचा उपयोग शून्य. तिथे बंद पाठीचा.

तिरपा_कटाक्ष :
‘लो लेटन्सी’ला ‘कमी दिरंगाई’ लिहू नका, सरकारी कचेरी आठवते. ‘कमी विलंब’. आणि आकडा मागा. नेहमीच्या ब्लूटूथवर साध्या एसबीसी पद्धतीने (आवाज आकसून पाठवायची ब्लूटूथची मूळ पद्धत) १५० ते २५० मिलिसेकंद जातात. सिनेमाचं ॲप चित्र तेवढंच मागे ढकलून जुळवून घेतं. गेमला ते जमत नाही : कळ आधी दाबली, गोळी मग वाजली. गेमसाठी तार, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झचा वेगळा यूएसबी डोंगल.

ब्लूटूथची आणखी एक खोड. गेममध्ये बोलण्यासाठी माइक चालू झाला की नेहमीची जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर उतरते : एकच चॅनेल, आवाज डब्यातून आल्यासारखा. ७.१ तर सोडाच, स्टीरिओही जातं. माइक वेगळा लावा आणि विंडोजमध्ये ‘हँड्स-फ्री’ नावाचं उपकरण निवडू नका.

ओहम_शांती :
तारेच्या हेडसेटची तक्रारही लिहून ठेवा, कारण दुरुस्तीला येणाऱ्या पुष्कळ ‘बिघाडां’त काहीच बिघडलेलं नसतं. माइकवाल्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार भाग असतात : टोकापासून डावा, उजवा, भुई (ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक परतीची तार), माइक. पिन अर्धा मिलिमीटर जरी बाहेर राहिली आणि भुईचा स्पर्श सुटला, तर दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. मधला गायक गायब आणि वाद्यं पोकळ. सिनेमात पार्श्वसंगीत जोरात, संवाद नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं ‘सराउंड बिघडलं’. पिन टकदिशी बसेपर्यंत दाबायची. डेस्कटॉपला माइक आणि हेडफोनची सॉकेटं वेगवेगळी असतील, तर दोन शेपटांचा जोड लागतो.

वेलांटी :
सुधारलेला मजकूर : ‘आभासी चौफेर ध्वनी, ७.१ : संगणकावरच्या सॉफ्टवेअरसह. ५० मिमी स्पीकर. संरोध ३२ ओहम. २.४ गिगाहर्ट्झ डोंगलवर कमी विलंब. गाणी ऐकताना चौफेर ध्वनी बंद ठेवावा. हेडफोन्स घातल्यावर डावी-उजवी खूण तपासावी.’

टाचणी :
‘हेडफोन्स’मधला ‘स’ उडवा. तो हेडफोन, ते हेडफोन. आणि खूण तपासायची ती घालण्याआधी, घातल्यावर दिसणार कशी?

कानसेन :
‘घातल्यावर’ही नको. टोपी घालतात, हेडफोन लावतात.