क्लॅरिनेटचा खालचा ई अन् मधला बी घुसमटते, हवा कुठून लीक होत असंल?

घाटंजीचा_वाजंत्री
नमस्कार मंडळी. बँडमधे वाजवतो, सीझन संपल्यावर एक लाकडी बी फ्लॅट क्लॅरिनेट जुनं घेतलं, बोएम सिस्टीमचं (चाव्यांची एक मांडणी). ओपन जी (सगळी बोटं उचलून निघते तो सूर) पासून खाली येत गेलो तर ई, डी, सी मोकळे निघतात, खालचा जी अन् एफ पण ठीक आहे, पण शेवटच्या ई वर गेलो की आवाज एकदम फुसका होते नाहीतर चीं करून किंचाळते. रजिस्टर की (सूर वरच्या पट्टीत नेणारी अंगठ्याची चावी) लावून मधला बी काढायचा म्हटलं तर तेच, त्याच्या वरचा सी मात्र बरा निघते. करंगळीनं चावी जोरात आवळली की बी निघते, पण वरातीत तासन् तास असं आवळून कोण वाजवंल भाऊ, हात भरून येते. तोंडाकडची पत्ती (रीड) अडीच नंबरची होती, दोनची लावून पाहिली, काही फरक नाही. अजून एक, गळ्याजवळचा बी फ्लॅट, ए ची चावी अन् रजिस्टर की दाबून निघते तो, तो पण बोदा वाटते. दोन्हीचं कारण एकच आहे का? इथं दुरुस्तीवाला नाही, नागपूर गाठावं लागते, त्याच्या आधी घरी काय तपासू सांगा.

पत्ती_आणि_पॅड
भाऊ, तुम्ही इतकं नीट लिहिलं की अर्धं काम झालं. पत्ती बदलत बसू नका, जोर लावल्यावर सूर निघतो म्हणजे पॅड (चावीखालची भोक झाकणारी गादी) बसत नाहीये. आणि एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा, एखाद्या भोकातून हवा निसटत असेल तर त्याच्या खालचे सगळे सूर बिघडतात. तुमचे एफपर्यंतचे सूर चांगले आहेत म्हणजे वरच्या जॉईंटवर (वाद्याच्या वरच्या तुकड्यावर) संशय कमी, घोळ अगदी खाली आहे. याउलट आजूबाजूचे सूर चांगले आणि मधलाच एक दबलेला असेल तर लीक नाही, त्या सुराची हवा ज्या भोकातून बाहेर पडते ते भोक घाणीनं भरलेलं असते किंवा त्यावरचं पॅड पुरेसं उघडत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत, लोक दोन्हीवर नवीन पॅड लावून पैसे घालवतात.

आता हे करा. मधला बी वाजवताना एकच करंगळी वापरू नका, डाव्या करंगळीनं ई-बी ची चावी आणि त्याच वेळी उजव्या करंगळीनं एफ-सी ची चावी दाबा. हलक्या हातानं. बी झटकन निघाला तर कारण सापडलं. ई ची चावी दाबली की एफ चं पॅडही सोबत बंद व्हायला पाहिजे, त्यासाठी खाली एक छोटा फाटा असतो, त्यावरचा कॉर्क झिजला की ई चं पॅड आधी टेकते आणि एफ चं केसभर उघडं राहते.

खात्रीसाठी सिगारेटचा पातळ कागद घ्या, गोंदाची कड कापून टाका, बारीक पट्टी करा. दोन्ही पॅडांखाली एकेक पट्टी ठेवून ई ची चावी वाजवतो तितक्याच जोरानं दाबा आणि पट्ट्या ओढा. दोन्हीला सारखी पकड पाहिजे. मग पट्टी पॅडाच्या चारही बाजूंना फिरवून पाहा, कधी कधी पॅड एका कडेनंच उचललेलं असते.

सूरदास_वर्धा
वरचं सगळं बरोबर, पण वरचा जॉईंट तपासल्याशिवाय सोडू नका, जुनं वाद्य आहे. तो वेगळा काढा, चारही बोटांची भोकं बंद, खालचं तोंड तळव्यानं दाबा, वरून हवा ओढून घ्या आणि थांबा. चार-पाच सेकंद तरी ओढ टिकली पाहिजे, सोडल्यावर टक्क वाजलं की चांगलं. लगेच सुटली तर पहिले ए आणि जी शार्पच्या मधला बारीक स्क्रू पाहा. तो जास्त कसला गेला असेल तर जी शार्पचं पॅड अधांतरी राहते अन् खालचं सगळं वाजणं जड होते. तिथं अगदी थोडी ढील पाहिजेच.

बी फ्लॅटचं दुखणं मात्र वेगळं आहे. रजिस्टरचं भोक इतकं लहान असते आणि त्यालाच तो सूरही काढावा लागते, म्हणून चांगल्या क्लॅरिनेटवर पण तो थोडा बोदाच असते. आत धूळ अन् कापडाचा लिंट बसला असेल, पातळ ब्रशनं ती नळी साफ करा. मग लांब धरायचा असेल तर उजव्या हाताची दोन-तीन बोटं खाली ठेवून पाहा, गोलाई येते. कोणतं कॉम्बिनेशन जमते ते प्रत्येक वाद्याचं वेगळं, कानानंच ठरवा.

मास्तर_काका
बाळा, क्लॅरिनेटची पेटी उन्हाळ्यात कुठं होती ते सांगितलं नाहीस. आपल्याकडं मे मधे पंचेचाळीसच्या वर पारा जाते, पत्र्याच्या खोलीत पॅडाचा लाख-गोंद नरम होऊन पॅड सरकू शकते आणि लाकूड आकसते. धातूच्या रिंगा बोटानं फिरतात का पाहा, फिरत असतील तर लाकूड फार कोरडं आहे. वरच्या जॉईंटच्या टोकापासून ट्रिलच्या (दोन सूर भराभर आलटून वाजवायच्या) चाव्यांपर्यंत उजेडात चीर शोध, तडे बहुतेक तिथंच जातात. जॉईंट खुळखुळत असेल तर कॉर्कवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळ, नवीन कॉर्क लागेपर्यंत चालते. पॅड सरळ करायला लायटर लावू नको, वाद्य प्लॅस्टिकचं असलं तर विरघळून जाईल, लाकडाचं करपेल.

घाटंजीचा_वाजंत्री
दादा, दोन करंगळ्या सोबत ठेवल्या अन् बी एकदम खणखणीत निघाला!! एफ च्या पॅडाखालचा कागद सरळ सरकून येते, ई चा मात्र अडकते. वरच्या जॉईंटची ओढ टिकते, चीर दिसली नाही. काका, पेटी पत्र्याच्या खोलीतच होती, रिंगा थोड्या ढिल्या आहेत. त्या फाट्यावर काय लावू?

पत्ती_आणि_पॅड
फाट्यावर जिथं ई ची चावी टेकते तिथं कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, एकेक पदर वाढवत जा, प्रत्येक वेळी दोन्ही पट्ट्या ओढून पाहा. जास्त झालं तर उलटं होईल, एफ आधी टेकेल आणि ई उघडं राहील. जमलं की नागपूरला तेवढ्याच जाडीचा पातळ कॉर्क लावून घ्या, कागद घामानं टिकत नाही. फाटा पक्कडीनं वाकवू मात्र नका, जुना धातू मोडतो.