प्रतिसाद : रिमिक्स, हक्क आणि मानधन

जुन्या हिंदी चित्रपटगीतांची रिमिक्स म्हणजे सरळसरळ चोरी आहे, हे मत मला मान्य नाही; हल्लीची बरीच रिमिक्स मूळ हक्क बाळगणारी कंपनीच काढते, आणि स्वतःच्या मालाची चोरी कशी होणार? एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे वेगवेगळे हक्क असतात. निर्मात्याशी केलेल्या करारामुळे ते बहुधा एकाच कंपनीकडे जमा होत, आणि गीतकार-संगीतकारांच्या हाती एकरकमी मानधनाखेरीज फारसे काही उरत नसे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने हे बदलले. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आग्रहाने बाजू मांडली होती. आता हक्क विकले, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील रॉयल्टीचा समान वाटा गीतकार-संगीतकारांना सोडून देता येत नाही. त्रयस्थाला हक्कधारकाच्या परवानगीशिवाय मूळ गाण्याची नवी आवृत्ती काढायची असल्यास, पहिले ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. सुमार रिमिक्सबद्दलची तक्रार रास्त आहे (मलाही ती ऐकवत नाहीत), पण ती अभिरुचीची तक्रार आहे.