लाइट जाणाऱ्या गावात रायटबॅक नको

देवगडच्या आंबा पेढीवरचं बिलिंगचं मशीन रखडतंय म्हणून एक्स्ट४ (लिनक्सची डिस्कवर फायली ठेवायची व्यवस्था) 'रायटबॅक' या वेगवान मोडवर टाका, असं एकाने सुचवलंय. मला पटत नाही. मे महिन्यात वळीव आला की लाइट गेलीच, तीही ऐन सीझनमध्ये! रायटबॅकमध्ये जर्नलला (बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीला) फक्त मेटाडेटा (फाइलचा आकार, जागा वगैरे माहिती) जातो, आतला डेटा त्याआधी डिस्कवर उतरेलच असं नाही. डेटा उतरायच्या आत वीज गेली तर बिलाची फाइल आकाराने बरोबर दिसते, आत मात्र डिस्कवरचा जुना कचरा. मूळचा (डीफॉल्ट) 'ऑर्डर्ड' मोड आधी डेटा उतरवतो, मग नोंद पक्की करतो. 'जर्नल' मोड सगळं दोनदा लिहितो, एवढ्याशा बिलांना कशाला? वेग हवाच तर ५ सेकंदांचा 'कमिट' (नोंदी पक्क्या करायचा अवधी) थोडा वाढवा, निदान तेवढं काम बुडू शकतं हे धरून. बॅरिअरला (डिस्कवर लिहिण्याचा क्रम पाळायला लावणाऱ्या सोयीला) हात लावू नका. आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर एफसिंक (फाइल लगेच डिस्कवर उतरवायची आज्ञा) करतं का ते आधी बघा. करत नसेल तर शेवटच्या बिलाची हमी कुठलाच मोड देत नाही.