कोपरखैरण्यात लकवा झालेल्या शेजाऱ्यांच्या घराला मदत कुठून मिळेल?

सुजाता_कोपरखैरणे
नमस्कार मंडळी, आमच्या बैठ्या चाळीत शेजारी एक कुटुंब आहे, मूळ पाटण तालुक्यातलं. काका वाशीच्या भाजी मार्केटला बदलीवर हमाली करायचे, गणपतीत त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही अडखळतं. तेव्हा घाईत जवळच्या प्रायव्हेटमध्ये नेलं, काकींचं मंगळसूत्र आणि गावाकडून उसने आणलेले पैसे सगळे तिथेच संपले. काकी चार घरी धुणीभांडी करायच्या त्यातली दोन सुटली कारण काकांना एकटं ठेवता येत नाही. मुलगी नववीत आहे, आता ती शाळा बुडवून वडिलांजवळ बसते आणि याचंच मला जास्त वाटतं. चाळीतून आम्ही वर्गणी काढली पण सगळेच हातावर पोट असलेले, किती वेळा काढणार. काकी मागणाऱ्यातल्या नाहीत, डाळ दिली तरी वाटी परत करताना त्यात काहीतरी घालून देतात. त्यांना कमीपणा न वाटता कायमचं काही लावून देता येईल का, कुठल्या ऑफिसला जायचं, कोणाला भेटायचं, प्लीज सांगा.

रोहन_वाशी
काकांचा एक व्हिडिओ करा ना, हॉस्पिटलचे पेपर आणि क्यूआर कोड टाकून ग्रुपांवर फिरवा. आमच्या सोसायटीत एकासाठी केलेलं, दोन दिवसात बऱ्यापैकी पैसे जमले.

घणसोलीकर
रोहनभाऊ, मनापासून सांगताय हे कळतं, पण इथे व्हिडिओ नको वाटतो. पोरगी नववीत आहे, तो व्हिडिओ तिच्या वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर जाणारच. आणि एकदा आलेले पैसे एकदा संपतात.

ताई, आधी कागद बघा. मी वस्तीत हीच कामं करतो म्हणून सविस्तर लिहितोय. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पक्षाघात झालेला माणूस बसतो, महिना १,५०० रुपये (दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००) थेट खात्यात येतात. अडचण उत्पन्नाच्या अटीची, वर्षाला २१,००० च्या आत लागतं आणि काकींची दोन घरं धरली तरी ते वर जाईल. पण दिव्यांग प्रमाणपत्र असेल, किमान ४० टक्क्यांचं, तर हीच मर्यादा ५०,००० आहे. म्हणून आधी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भरा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. लकव्यानंतर सहा महिने व्हायच्या आत सहसा प्रमाणपत्र देत नाहीत, तुमचे होत आलेच असतील.

अजून एक, नवी मुंबईतली बरीच माणसं चुकून बेलापूरला कोकण भवनला जातात आणि हेलपाटा पडतो. कोपरखैरणे ठाणे तालुक्यात येतं त्यामुळे तहसील ठाण्याला, स्टेशनजवळच आहे, ट्रान्सहार्बर लोकलने सरळ जाता येतं. आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आत्ताच विचारून ठेवा, अर्ज मंजूर होऊनही पैसे न आलेले किती जण माझ्याकडे येतात, नव्वद टक्के वेळा हेच कारण निघतं.

रेशनकार्ड कुठलं आहे? केशरी असेल आणि धान्य चालू नसेल तर प्राधान्य कुटुंबात घेण्यासाठी अर्ज द्या. शहरात त्याची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे, माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं. हे काम मात्र तहसीलला होत नाही, रेशनिंग ऑफिसला होतं.

टोळीवाल्याचा_मुलगा
सुजाताताई एक विचारायचं राहिलं, काका माथाडी बोर्डात, म्हणजे हमालांची नोंद ठेवणाऱ्या मंडळात, नोंद होते का? भले बदलीवर जात असतील पण कधीकाळी हमालांच्या टोळीत नाव लागलं असेल तर बोर्डाकडे त्यांचा फंड, ग्रॅच्युइटी काहीतरी जमा असणार आणि नोंद असेल तर माथाडी हॉस्पिटलही तुमच्याच कोपरखैरण्यात आहे. माझ्या वडिलांचं कार्ड पत्र्याच्या पेटीत गावच्या घरी सापडलं होतं, आई म्हणत होती नव्हतंच कधी. जुना बिल्ला, पगाराची चिठ्ठी, काहीही शोधा. आणि ज्या मुकादमाबरोबर काका जायचे त्याला गाठा, त्याला सगळं पाठ असतं.

दुसरं म्हणजे पाटणचे आहेत ना, मग गावचं मुंबई मंडळ, म्हणजे इथे राहणाऱ्या गावकऱ्यांचं, असणारच, कोपरखैरण्यात निम्म्या गावांच्या मीटिंगा होतात रविवारी. मंडळाने दिलेलं घ्यायला काकींना जड जाणार नाही कारण काकांनी पण इतकी वर्षं तिथे वर्गणी भरलेली असेल, तो त्यांचा हक्कच आहे.

मीनल_ऐरोली
मी नर्स आहे, पैशाचं वरच्यांनी सांगितलंय, मी काकांचं सांगते. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. तिथे लाल झालं आणि दाबल्यावर पांढरं होत नसेल तर जखम सुरू झाली समजा. दर दोन तासांनी कूस बदलायची. भरवताना पूर्ण बसवून, लहान घास, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका लागत असेल तर पाणी पिताना जास्त जपायचं, डॉक्टरांना सांगायचं. बीपीची गोळी पैसे नाहीत म्हणून बंद होते आणि दुसरा झटका येतो, हे मी फार बघितलंय हो, म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात कार्ड काढून तिथली गोळी सुरू ठेवा, नसेल तिथे तर जनऔषधी दुकानात स्वस्त मिळते.

पुढे कधी ॲडमिट करायची वेळ आली तर आधी १५५३८८ ला फोन करून सरकारी मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेतलं हॉस्पिटल विचारा. आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, आत गेल्यावर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, भेटायचं. एअर बेड आणि व्हीलचेअर विकत घेऊ नका, अनामत घेऊन वापरायला देणारी मंडळं आहेत आपल्याकडे, ज्येष्ठ नागरिक संघात विचारलं की पत्ता लागतो.

पण मला विचाराल तर त्या घराला सगळ्यात जास्त गरज रोज तीन तास बसणाऱ्या माणसाची आहे. चाळीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या, सकाळी काकी कामावर असताना एकीने बसायचं, तर पोरगी शाळेत जाईल.

बाई_नेरूळ
शिक्षिका म्हणून एवढंच, मुलीचं नाव शाळेतून काढू देऊ नका. वर्गशिक्षिकेला स्वतः जाऊन भेटा, पोरी सांगत नाहीत आणि आम्हाला वाटतं टाळाटाळ करतेय. बालसंगोपन योजनेत आजारी पालकांच्या मुलांचाही विचार होतो, महिना २,२५० रुपये, वय १८ पर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे, निर्णय बालकल्याण समिती घेते. काकांचे डिस्चार्जचे पेपर आणि शाळेचं बोनाफाईड जोडा.

सुजाता_कोपरखैरणे
सगळ्यांचे खूप आभार, वाचून काकींना सांगितलं. मुंबई मंडळाचं म्हटल्यावर त्या पहिल्यांदाच हो म्हणाल्या, सेक्रेटरी काकांच्या ओळखीचेच निघाले. पाळ्यांचं पण जमतंय, समोरच्या आजी सकाळी बसायला तयार आहेत, दुपारी मी. काकांना कूस कशी वळवायची ते कोणी येऊन दाखवेल का, आम्हाला खांद्याला धरून ओढायची भीती वाटते. आणि घणसोलीकर दादा, तहसीलला काय काय न्यायचं?

मीनल_ऐरोली
खांद्याला, हाताला धरून अजिबात ओढू नका, लुळ्या बाजूचा खांदा निखळतो. खाली चादर दुमडून घालायची आणि दोघींनी चादरच ओढायची. रविवारी माझी सुट्टी आहे, मी येते, मेसेज करा.

घणसोलीकर
काका-काकी दोघांचं आधार, रेशनकार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, फोटो. दाखला नसेल तर आधी तोच सेतू केंद्रातून काढा, बाकी सगळं त्यावर अडतं. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी पुढच्या मंगळवारी दुसऱ्या दोघांचे फॉर्म घेऊन जातोय, सकाळी दहाला ठाणे स्टेशनला या, काकींना घेऊन.