लिफ्ट केलेल्या जिप्सीचे मागचे शॉकअप सारखे जातायत, नक्की बघायचं काय?

सडावरचा
मंडळी, गाडी जिप्सी किंग. मागं पाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये) एक जादा पान घातलंय आणि शॅकल (पाटा चेसिसला धरणारे दुवे) लांब केलेत, सगळं मिळून अडीच इंच वर आलीय, टायर २३५/७५ आर १५. पुढचे शॉकअप ठणठणीत, पण मागचे काय टिकत नाहीत राव. दरवर्षी पावसाळा सरला की मागची जोडी बदलायची हे आता ठरूनच गेलंय. आधी तेलाची ओल दिसते, मग पंधरवड्यात गाडी मागून होडीसारखी डुलायला लागते. रोजचा वापर पाटण भागात, सड्यावर जांभ्याचा रस्ता आहे, सुट्टीत मुळशी ताम्हिणीकडं ट्रेल. गॅरेजवाला म्हणतो अजून लांब आणि अजून कडक शॉकअप टाकू. दुकानदारानं मागच्या वेळी पण हेच सांगून 'लाँग ट्रॅव्हल' म्हणून दिलेले. नुसता ब्रँड बदलत बसायचा का मुळात दुसरंच काही आहे?

घाटवेडा
भाऊ सरळ बाहेरचे गॅसचे शॉकअप घे, ओल्ड मॅन एमू वगैरे. एकदाच खर्च, डोक्याला ताप नाही. स्वस्तातल्याच्या नादी लागून तेवढेच पैसे जातात.

लेथवाला
घाटवेडा, महागातले पण असेच फुटतील, फक्त जास्त पैशात फुटतील. आधी मोजू दे त्याला.

सडावरचा दादा, शॉकअपचं काम पाट्याची उसळी जिरवायची, गाडी थांबवायची नाही. चाक वर आलं की थांबवायचं काम बंपस्टॉपचं (चेसिसखालचं रबर), खाली लोंबलं की पाट्याचं नाहीतर चाक अडवायला बांधलेल्या पट्ट्याचं. लिफ्ट केली की हा हिशोब बिघडतो आणि दोन्हीकडचा मार शॉकअप खातो. आखूड पडला तर खाली लोंबताना रॉड ताणून सील आणि वरचा गाइड जातो. लांब पडला तर खड्ड्यात बंपस्टॉपच्या आधीच पिस्टन बुडाला आपटतो, डबल ट्यूबवाल्यात तळाला जो व्हॉल्व्ह असतो त्याचा चुरा होतो, रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड मग सील खातो. लोकांना फक्त गळती दिसते आणि म्हणतात माल खराब.

आता मोजायचं कसं. मागचे दोन्ही शॉकअप काढून टाक, नाहीतर खरी हद्द कळत नाही. मग गाडी तिरकी अडकव, म्हणजे मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक बांधावर, बाकीची दोन खाली. दाबलेल्या बाजूला हाउजिंग (ॲक्सलचं कवच) बंपस्टॉपला टेकतंय का बघ, नसेल टेकत तर मागं पोती टाकून टेकव. वरच्या बोल्टाच्या मध्यापासून खालच्या बोल्टाच्या मध्यापर्यंत टेप धर. तेच लोंबलेल्या बाजूला. तेच सपाट जमिनीवर गाडी उभी असताना. शॉकअप काढलेला असताना ब्रेकचा होज ताणला जातो, त्याच्याकडं लक्ष ठेव, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नको, घोडे (आधाराचे स्टँड) लाव. मग शॉकअप टेबलावर पूर्ण दाबून आणि पूर्ण उघडून त्याची पण दोन मापं घे. हे पाच आकडे इथं टाक, मग बोलू.

आणि एक, बंपस्टॉपच्या रबराकडं नीट बघून सांग कसं दिसतंय.

पर्थकर
मी मूळचा कराडचा, सध्या ऑस्ट्रेलियात. लेथवाला म्हणतात ते बरोबरच, पण तापमानाचं पण बघा. इकडं गिब रिव्हर रोडसारख्या रस्त्यांवर शेकडो किलोमीटर नुसत्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा असतात, तिथं गाडी आपटत नाही तरी शॉकअप मरतात. रॉड सेकंदाला कितीतरी वेळा आतबाहेर होतो, सगळी ऊर्जा तेलात उष्णता होऊन जाते, तेल पातळ होतं, आणि साध्या शॉकअपमध्ये हवा मिसळून फेस होतो. मग धक्का जिरवायला आत काही उरतच नाही आणि सील पण भाजतं. तुमच्या जांभ्याच्या रस्त्यावर पण अशा लाटा पडलेल्या असणार, डंपर जात असतील तर नक्कीच.

इथं सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे टायरची हवा. कच्चं लागलं की हलक्या गाडीला १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवतात आणि वेग कमी ठेवतात, डांबरी आला की परत भरतात. गाडीत छोटा कॉम्प्रेसर ठेवा. मोठा टायर टाकलाय म्हणजे चाकाचं वजन पण वाढलंय, ते सगळं आवरायचं काम त्याच शॉकअपवर आलंय. थांबलात की शॉकअपच्या नळीजवळ हात न्या, लगेच धरू नका, चटका बसतो. एक बाजू कढत आणि दुसरी गार असेल तर गार बाजूचा आधीच मेलाय असं समजा.

सडावरचा
लेथवाला दादा, रविवारी पोरं गोळा करून मोजलं. सगळं मिलिमीटरमध्ये.
सपाटीवर उभी: ४४०
बंपस्टॉप टेकलेला: ३४०
पूर्ण लोंबलेला: ५४५
शॉकअप बंद: ३५५
शॉकअप उघडा: ५७०
आणि बंपस्टॉपचं रबर बघायला सांगितलं म्हणून बॅटरी मारली तर रबर अगदी दुकानातून आणल्यासारखं, टोकाला कोळ्यानं जाळं केलंय 😅 काढलेल्या डाव्या शॉकअपचा रॉड एकाच बाजूनं घासून पांढुरका झालाय, हे पण दिसलं.

लेथवाला
जाळ्यानंच उत्तर दिलं की. इतक्या खड्ड्यातून फिरून रबराला हाउजिंग शिवलंच नाही, मग थांबवत कोण होतं?

हिशोब बघ. टेकायला ३४० लागतात, शॉकअप ३५५ लाच संपतो. रबर जोरात दबलं की अजून २० तरी जातं, म्हणजे खरी गरज ३२० ची. ३५ मिमी कमी पडतायत, वर १५ तरी मोकळे ठेवायचे. म्हणून बंपस्टॉप ५० मिमी खाली आण. शॉकअप तिरका बसतो, त्यामुळं थोडं इकडंतिकडं होईल, बसवल्यावर परत एकदा मोजून घे. लोंबायच्या बाजूला ५४५ ला अजून २५ शिल्लक आहेत, तिथं तुला पट्ट्याची गरज नाही. अजून लांब शॉकअप टाकायचं तर डोक्यातून काढूनच टाक, तो अजून लवकर आपटेल.

रॉड एका बाजूनं घासतोय म्हणजे शॉकअपवर आडवा जोर येतोय. लांब शॅकलनं हाउजिंग थोडं फिरतं, खालचा ब्रॅकेट तिरका होतो, त्यात बोल्टाभोवतीचा रबरी बुश आवळून कडक केलेला असला की चाक वरखाली होताना रॉडच वाकायला बघतो. बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उभी कर, दोनचार वेळा हलव आणि मग आवळ. हवेत टांगलेल्या गाडीत बुश कधीच आवळायचा नाही. ब्रॅकेट डोळ्यालाच वाकडा दिसत असेल तर ते आधी सरळ.

घाटवेडा
मग आखूड शॉकअप का नको? ५० खाली आणलं तर वर जायला राहिलं काय, ५० मिमी. दणके बसतील.

लेथवाला
बरोबर विचारलंस. पण बंद लांबी कमी मागितली की उघडी लांबी पण जाते. याच्या शॉकअपची चाल (उघडा वजा बंद) २१५ आणि बाकीचं १४० टोकांचे डोळे, सील, व्हॉल्व्ह यात जातंय. त्याच बनावटीत बंद ३१० हवा तर चाल १७०, म्हणजे उघडा ४८०. लोंबायला ५४५ लागतात. मग पट्टा बांधून चाक लवकर अडवायचं आणि तिरक्यात चाक हवेत. ट्रेलवर त्याला ते परवडणार नाही. त्यापेक्षा साधं रबर काढून उंच, निमुळतं रबर लाव, ते हळूहळू दबतं, दणका कमी लागतो. फक्त ते पूर्ण दबल्यावर किती राहतं ते मोजून मगच रबर खाली आणायचा गुटका (मधला ठोकळा) ठरव.

नवखा_चालक
रॉडवर जे रबरी बूट असतात ते लावले तर सील टिकेल का? माझ्याकडं पण मागचेच जातात, गाडी वेगळी आहे.

लेथवाला
चिखलातनं जात असशील तर बुटात चिखल अडकतो आणि वाळून रॉडला कानसीसारखा घासतो. खाली भोकं असलेला असेल तर ठीक, नाहीतर उघडा बरा. ट्रेलवरून आलास की रॉडवरचा चिखल ओला असतानाच धू, प्रेशरची नळी सीलच्या तोंडावर धरू नको.

सडावरचा
ओक्के. गुटका लोखंडी प्लेटचा करू का नळी कापून? आणि नवीन जोडी बॉक्समध्ये आडवी पडून आहे, तशीच लावली तर चालेल ना?

लेथवाला
दोन्ही टोकांना प्लेट वेल्ड केलेला जाड चौकोनी पाइप घे, ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि लॉक नट. नुसत्या नळीची कड रबराला कापते. नवीन शॉकअप लावायच्या आधी उभे धरून पूर्ण दाब, उघड, असं पाचसहा वेळा कर, मधे खळकन मोकळं जायचं थांबलं की लाव. आडवं पडून आतली हवा तेलात येते. बसवल्यावर गुटक्याखालच्या रबराला खडू फास आणि सड्यावर एक फेरी मार. खडू पुसला गेला असेल तर बंपस्टॉप कामाला लागला. पुसला नसेल आणि मागून ठक् ऐकू आला तर परत टेप काढ.